लाइट बिल चौघांत कसं वाटावं (नवशिक्यांसाठी)

पहिलं लाइट बिल येईपर्यंत सगळे रूम पार्टनर चांगले असतात. एकमेकांना चहा विचारतात, टॉवेल देतात, रात्री दीडला आलेल्याला न कुरकुरता दार उघडतात. मग एका संध्याकाळी दाराच्या कडीत खोचलेला तो कागद सापडतो. पुढचं मार्गदर्शन त्या संध्याकाळनंतरच्या आयुष्यासाठी आहे.

माझी पात्रता विचाराल, तर पुण्यात नऊ वर्षं काढली आहेत. दोन वर्षं सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, सात वर्षं कर्वेनगर आणि वारज्यात भाड्याच्या फ्लॅटांत. एकूण एकोणीस पार्टनर झाले. त्यांतले तिघे अजून माझा फोन उचलतात.

आधी व्याख्या. न्याय्य वाटणी म्हणजे अशी वाटणी, जिच्यात तुमचा हिस्सा सगळ्यांत कमी येतो आणि तो गणितानेच तसा आलाय, असं बाकीच्यांना वाटतं. ‘बिल भागिले चार, विषय संपला’ असं कोणीतरी सुचवेलच. सुचवणारा हमखास तोच असतो, जो आंघोळीला गेला की बाहेरच्यांना पेपर वाचून पुरवणीही वाचावी लागते. त्याच्याकडे सहानुभूतीने बघा आणि पुढे चला.

1. बिल वाचायला शिका

उदाहरणाला आमचा वारज्याचा फ्लॅट घेऊ. नागपूरकर, जळगावकर, सांगलीकर आणि मी. (पार्टनरला गावाच्या नावानेच हाक मारावी. खऱ्या नावाने पैसे मागायला जीभ रेटत नाही.) महिन्याचं बिल 312 युनिटचं, रक्कम 2,760 रुपये. बिलावर नाव घरमालकाच्या वडिलांचं. ते वारून पंधरा वर्षं झाली होती, पण आम्ही उशीर केला की थकबाकी त्यांच्याच नावावर पडायची.

एक युनिट म्हणजे 1,000 वॅटचं यंत्र एक तास चाललं की लागते तेवढी वीज. एवढं पाठ करा, म्हणजे भांडणाला शास्त्रीय बैठक मिळते. मग रकाने बघा: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या साऱ्याच्या डोक्यावर 16 टक्के वीज शुल्क. रकाने जेवढे, तेवढी भांडणं. स्थिर आकार हा एकही युनिट वापरला नाही तरी द्यावा लागतो. आमचा सांगलीकर दर शुक्रवारी स्वारगेटला बस पकडून गावी जायचा आणि सोमवारी सकाळी उगवायचा. त्याचं म्हणणं, मी स्थिर नाही, मी स्थिर आकार का भरू? वहन आकारावर तर तो वकिलासारखा बोलायचा. ‘शनिवार-रविवार मी इथे नसतो, तर माझ्या वाट्याची वीज वाहून कोणासाठी आणली?’

याला उत्तर देऊ नका. फ्रिज उघडा आणि त्याच्या आईने दिलेला अर्धा श्रीखंडाचा डबा दाखवा. तो डबा शनिवार-रविवार इथेच होता.

2. आपण काय वापरत नाही, त्याची यादी करा

नवशिके इथेच चुकतात. आपण काय वापरतो ते प्रामाणिकपणे लिहून काढतात आणि फसतात. हिशेबाला नेहमी न वापरण्यापासून सुरुवात करावी. मी टीव्ही बघत नाही. मी इस्त्री बाहेर देतो. मी गार पाण्याने आंघोळ करतो (हे मे महिन्यात सांगावं). जळगावकराने पहिल्याच बैठकीत ‘मी मिक्सर लावत नाही’ असं जाहीर केलं. मिक्सर 500 वॅटचा, चटणीला लागतात तीन मिनिटं, म्हणजे एका युनिटमध्ये चाळीस वेळा चटणी होते. ती चटणी तो भाकरीबरोबर चार चमचे खायचा, पण मिक्सर त्याने लावलेला नसायचा.

दुसऱ्याच्या वस्तूवर हल्ला करताना लहान वस्तू निवडा. हा अनुभवाचा सल्ला आहे. मोठ्या वस्तू सगळे वापरतात, त्यामुळे त्यांच्यावर बोललं की सगळे एक होतात. मोबाइल चार्जर मात्र आदर्श. तो भिंतीला लटकलेला दिसतो, त्याचा दिवा लागलेला असतो आणि मालक झोपलेला असतो. रोज फोन पूर्ण चार्ज केला तरी महिन्याकाठी एक युनिट होत नाही, पण आम्ही चार्जरवर दोन पूर्ण रविवार भांडलो. त्या दोन्ही रविवारी 2,000 वॅटचा गीझर सकाळपासून चालू होता. पाव तासाला अर्धं युनिट या हिशेबाने तो आमच्या न्यायबुद्धीला गरम पाण्याची साथ देत होता.

वाय-फायचा राउटर चोवीस तास चालतो. 10 वॅटचा धरला तरी महिन्याला सात युनिट. चौघांच्या फोनच्या चार्जिंगपेक्षा जास्त. पण राउटरवर कोणी आक्षेप घेतला नाही. घेतलाही नसता.

नागपूरकराचा विषय वेगळा. तो येताना कूलर घेऊन आला होता. लोखंडी, तीन फूट उंच, आत गवताच्या पॅडा. पुण्यात कूलर कशाला, असं विचारल्यावर त्याने आमच्याकडे ज्या करुणेने पाहिलं, ती मी विसरलेलो नाही. त्याचा युक्तिवाद असा: कूलर माझा असला तरी हवा हॉलमध्ये येते, हॉल सगळ्यांचा आहे, तेव्हा कूलरची वीज सार्वजनिक. मग पाऊस सुरू झाला. कूलर तरीही चालूच. आता तो ‘आवाजाशिवाय झोप येत नाही’ म्हणून लागायचा. अशा माणसाशी वाद घालू नका, दमट हवेत कागद चिकटतात आणि हिशेब वाचता येत नाही.

3. पाहुण्याला किती माणूस धरायचं, ते आधीच ठरवा

पुण्यातल्या फ्लॅटला चुलत भाऊ येतो. येणारच. तो स्पर्धा परीक्षेच्या तयारीला आलेला असतो, हातात एक सॅक आणि एक उशी असते आणि ‘चार दिवसांत खोली बघतो’ असं म्हणतो. जळगावकराचा चुलत भाऊ एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेसाठी आला आणि मुख्य परीक्षा देऊन गेला.

त्याच्यावर किती आकारायचं? आमच्यात तीन मतं होती. एक, तो पूर्ण माणूस आहे. दोन, तो जमिनीवर झोपतो म्हणून अर्धा. तीन (जळगावकराचं), तो उद्या उपजिल्हाधिकारी होणार आहे, जरा विचार करून बोला. शेवटी त्याच्या अभ्यासाच्या दिव्यावर तडजोड झाली. 9 वॅटचा एलईडी बल्ब, रोज रात्री सहा तास, महिन्याला दीड युनिटच्या आसपास. ते पैसे त्याने निमूटपणे दिले आणि नंतर महिनाभर रोज सकाळी सर्वांत आधी उठून गीझरची पूर्ण टाकी रिकामी केली. दिव्याचे पैसे दिलेले असल्यामुळे त्याला काही बोलता येईना.

म्हणून नियम: पाहुण्याकडून अजिबात पैसे घेऊ नका. पैसे घेतले की तो पाहुणा राहत नाही, भागीदार होतो.

4. स्लॅब समजून घ्या आणि कोणालाही समजावून सांगू नका

घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिले 100 युनिट स्वस्त, 101 ते 300 महाग, 301 ते 500 त्याहून महाग, त्यापुढे विचारू नका. लोकांची समजूत अशी, की 300 ओलांडले की सगळे युनिट महाग होतात. तसं नसतं. 300 च्या वरचे तेवढेच महागात पडतात, खालचे आपापल्या दराने राहतात. आमचे 312 झाले होते, म्हणजे वरच्या दराने फक्त 12 युनिट. त्या 12 युनिटांमुळे बिलात पडलेला जादा फरक पन्नास रुपयांच्या आतला. चौघांत माणशी एक वडापाव.

पण ही माहिती उघड केलीत तर भांडणातली जान जाते. त्यापेक्षा एकच प्रश्न टाका: हे वरचे 12 युनिट कुणाचे?

बघा काय होतं. सांगलीकर म्हणाला, मी महिन्यातून आठ दिवस नसतो, 300 ओलांडले तेव्हा मी बसमध्ये होतो. जळगावकर म्हणाला, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कूलर कोण लावत होतं? नागपूरकर म्हणाला, चुलत भाऊ कुणाचा? मी गप्प बसलो, कारण त्या महिन्यात मी घरून काम करत होतो आणि दिवसभर पंखा, लॅपटॉप आणि दर तासाला इंडक्शनवर चहा असा माझा कार्यक्रम होता. दिवसा घरात कोणी नसायचं, त्यामुळे साक्षीदार नव्हता. साक्षीदार नसलेल्या वेळात वीज वापरावी, हेही जाता जाता लिहून ठेवा.

अशा वेळी विद्वत्ता कामाला येते. लॉइड शॅप्ली नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने 1953 साली सामायिक खर्चाला लागू पडणारी एक रीत मांडली. 2012 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. (ते दुसऱ्याच कामासाठी मिळालं, पण बैठकीत हे सांगायची गरज नाही.) रीत अशी: समजा चौघे जण रिकाम्या घरात एकामागून एक राहायला आले. प्रत्येकाच्या येण्याने बिल जेवढं वाढलं, तेवढं त्याच्या नावावर. पहिल्यावर फ्रिज, राउटर आणि स्थिर आकार येतो, शेवटच्यावर महागडा स्लॅब. कोण आधी आला यावर भांडण नको, म्हणून चौघांचे सगळे 24 क्रम मांडायचे आणि सरासरी काढायची.

मी ते केलं. एक अख्खा रविवार गेला. सतरा रकान्यांची एक्सेल शीट झाली. सरळ चौथाई होती 690 रुपये. शॅप्लीसाहेबांच्या रीतीने नागपूरकर 742, जळगावकर 711, मी 667 आणि सांगलीकर 640. म्हणजे माझे 23 रुपये वाचले. शीट वाचून दाखवताना मला घाम फुटलेला बघून नागपूरकराने उठून कूलर माझ्याकडे वळवला आणि वहीत वेळ लिहून ठेवली.

5. पुरावा हवा असेल तर मीटरकडे जा, पण खरंच हवा आहे का याचा विचार करा

मीटरच्या काचेआड एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि जवळ बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो. आमच्यावर 3200 होता. अर्थ असा, की तो दिवा 3,200 वेळा लुकलुकला की एक युनिट संपलं. हे कळल्यावर मला जेवढा आनंद झाला, तेवढा मी पुढे लग्न ठरल्यावरही दाखवला नाही. आता प्रत्येक यंत्राचा गुन्हा मोजता येणार होता.

रात्री साडेनऊला मी जिन्याखाली मीटरच्या पेटीसमोर उकिडवा बसलो. एका हातात मोबाइलची बॅटरी, दुसऱ्यात वही. जळगावकर वर घरात, फोनवर. ‘गीझर लाव.’ दिवा सैरावैरा धावायला लागला, सेकंदाला जवळजवळ दोनदा. ‘गीझर बंद, पंखा लाव.’ काही सेकंदांना एकदा. ‘आता चार्जर.’ मी श्वास रोखून बसलो तेव्हा एकदाचा लुकलुकला. डास चावत होते, पण विज्ञानाला किंमत द्यावी लागते.

‘आता सगळं बंद कर. फ्रिज, राउटर, सगळं.’

‘केलं.’

दिवा लुकलुकला.

‘अरे, काय राहिलंय?’

‘काही नाही. काळोखात उभा आहे मी.’

अर्ध्या मिनिटाने पुन्हा. ‘मेन स्विच पाड.’ त्याने पाडला. सांगलीकर वरून ओरडला तेही मला ऐकू आलं. अर्धं मिनिट. दिवा लुकलुकला. मी दहा वेळा मोजलं, घड्याळ लावून. घरात शून्य वीज आणि मीटर अर्ध्या मिनिटाला एकदा आमच्याकडे बघून डोळा मारतंय.

मग माझं लक्ष वर गेलं. आमच्या मजल्याच्या पॅसेजमध्ये एक ट्यूब होती. संध्याकाळी सात ते पहाटे पाच जळायची. तिचं बटण जिन्याशी होतं. मी ते दाबलं. पॅसेज अंधारला. मी मीटरकडे बघत बसलो. एक मिनिट, दोन मिनिटं. दिवा मेला.

40 वॅटची ट्यूब, रोज दहा तास, तीस दिवस. करा हिशेब. बरोबर 12 युनिट. (चोकचं मी धरलेलं नाही. उदार माणूस आहे.)

एवढ्यात वरचं दार उघडलं. आमच्या समोर सोसायटीचे चेअरमन राहायचे. ‘कोण आहे रे तिकडे? ट्यूब कोणी बंद केली?’

‘मी काका. चप्पल शोधत होतो.’

‘अंधारात?’

‘सापडली काका.’ मी बटण दाबलं. ट्यूब दोनदा फडफडून लागली. मीटरचा दिवा कामाला लागला.

त्या रात्री आमची सर्वांत मोठी बैठक झाली. पुरावा हातात होता, आकडे होते, वही होती. चेअरमनना जाऊन सांगायचं, की सोसायटीची ट्यूब कोण जाणे किती वर्षं आमच्या मीटरवर आहे, एवढंच बाकी होतं. कोण जाणार? नागपूरकर म्हणाला, मागच्या महिन्यात ‘बॅचलर भाडेकरू ठेवू नयेत’ हा विषय सोसायटीच्या मीटिंगला होता. जळगावकर म्हणाला, माझा भाऊ अजून इथे आहे, तो करारात नाही. सांगलीकर म्हणाला, मी शुक्रवारी जाणारच आहे. मी म्हणालो, काकांना मी आताच चप्पल शोधतोय असं सांगून आलोय.

मग 12 भागिले चार, प्रत्येकी तीन युनिट. गणिती रीत नाही, स्लॅब नाही, गावी गेलेल्याला सूट नाही. तीन वर्षांत एकमताने मंजूर झालेला तो एकच ठराव. दुसऱ्या दिवसापासून चार्जरवरचं भांडण पुन्हा सुरू झालं.

6. बाकीच्या किरकोळ गोष्टी

गॅसची टाकी आपल्या पाळीतच संपते. संपायच्या आधी अंदाज हवा असेल तर टाकीवर ओलं फडकं फिरवा. जिथपर्यंत आत गॅस आहे, तिथपर्यंतची ओल हळू सुकते, वरची पटकन. ती रेघ बघा आणि खाली आली असेल तर आठवडाभर मेसचा डबा लावा.

कामाला येणाऱ्या मावशींचा पगार कधीही वापरावर वाटू नका. ‘माझं एकच ताट असतं’ हे त्यांच्यासमोर बोललेल्या माणसाचं ताट त्यानंतर कसं घासलं जायचं, ते मी पाहिलं आहे.

पैसे मागताना ग्रुपवर ‘सहज आठवलं म्हणून’ असं लिहा. सहज आठवलेलं नाही हे सगळ्यांना कळतं, पण रीत आहे. रक्कम पैशांपर्यंत लिहा, 666.75 वगैरे. पूर्ण आकड्यावर लोक घासाघीस करतात, अपूर्णांकाला घाबरतात. टीटीएमएम हा शब्द मात्र घरात उच्चारू नका. ‘तू तुझं, मी माझं’ एकदा मनावर घेतलं की मीठसुद्धा दोन डब्यांत जातं.

7. फ्लॅट सोडताना

बिल वापराच्या मागून येतं. म्हणजे तुम्ही सोडून गेल्यावर तुमचं शेवटचं बिल येतं आणि तेव्हा फ्लॅटवर दुसरेच कोणी असतात. तुम्ही राहायला आलात तेव्हा पहिलं बिल तुमच्या आधीच्यांचं भरलं होतं. भरताना तुम्ही जे बोलला होतात, तेच आता तुमच्याबद्दल बोललं जाईल. तेवढ्यासाठी सोडायच्या दिवशी रीडिंगचा फोटो काढून ग्रुपवर टाका. मग ग्रुपमधून बाहेर पडा. या क्रमाने.

आणि सर्वांत महत्त्वाचं: ग्राहक क्रमांकाला कुणाचा तरी मोबाइल नंबर जोडावा लागतो, तो तुमचा देऊ नका. मी दिला होता, तेव्हा घरात मीच जबाबदार समजला जायचो. फ्लॅट सोडून सहा वर्षं झाली. बदलायचं राहून गेलं. दर महिन्याला त्या घराच्या बिलाचा एसएमएस अजून मलाच येतो.

सध्या तिथे कोण राहतं, मला माहीत नाही. पण हे वाचत असाल तर ऐका: गेल्या महिन्यात तुमचे 327 युनिट झालेत. गीझर कोणीतरी चालू ठेवून जातंय, ते तुमचं तुम्ही बघा. त्यातले 12 मात्र तुमच्यापैकी कुणाचेच नाहीत.